डोळ्याच्या खोबणीची दुखापत : वेळीच ओळख, वेळीच उपचार

(भाषणाचा मजकूर)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही आज डोळ्याच्या खोबणीला होणाऱ्या दुखापतीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण या विषयातील अज्ञानाची किंमत आमच्या कुटुंबाने मोजली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. कबड्डी खेळताना सोबत्याचा गुडघा त्याच्या डोळ्याखाली बसला. रक्त नाही, सूज नाही. डोळा स्वच्छ, पांढराशुभ्र. सायंकाळी त्याला दोनदा उलटी झाली. वर पाहिले की मळमळ वाढे. डोक्याला मार लागला असावा, असे समजून मेंदूची तपासणी झाली. तीत काही निघाले नाही आणि आम्ही निश्चिंत मनाने घरी आलो. चौथ्या दिवशी एका नेत्रशल्यविशारदांनी त्याला एवढेच सांगितले, "बाळ, वर पाहा." एक डोळा वर गेला, दुसरा जागच्या जागी राहिला. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. परंतु मधले दिवस हातातून निसटले होते. आजही वर पाहिले की त्याला एकाचे दोन दिसतात. पतंग पाहायचा तर तो डोळे न उचलता मानच मागे टाकतो.

असे का झाले, हे मला नंतर समजले. डोळ्याची खोबण सात हाडांची मिळून बनलेली असते. तिचा तळ आणि नाकाकडील भिंत फार पातळ असते. ठोसा, कोपर किंवा चेंडू जोराने बसला की हा पातळ भाग मोडतो. स्मिथ आणि रीगन यांनी १९५७ मध्ये या मोडीस 'ब्लो-आउट फ्रॅक्चर' असे नाव दिले. प्रौढांचे हाड तुटून खाली सरकते. मुलांचे हाड लवचिक असल्याने ते क्षणभर वाकते आणि सापळ्याच्या झडपेप्रमाणे पुन्हा मिटते. त्या फटीत डोळा फिरविणारा स्नायू अडकला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. स्नायू ताणला गेला की मळमळ, उलट्या, भोवळ येते आणि नाडीही मंदावते. लोक त्याला मेंदूचा मार समजतात. बाहेरून डोळा पांढराच दिसत असल्याने १९९८ मध्ये डॉक्टरांनी या प्रकारास 'व्हाइट-आइड ब्लो-आउट' असे म्हटले. अशा मुलाची शस्त्रक्रिया शक्यतो चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत व्हावी लागते.

याउलट प्रौढांचा डोळा काळानिळा होऊन भीतिदायक दिसतो. पण स्नायू अडकलेला नसेल, तर पुष्कळदा सूज उतरेपर्यंत थांबता येते आणि साधारण दोन आठवड्यांत शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. अनेकांना ती लागतही नाही. म्हणून बाह्य रूपावरून दुखापतीची किंमत ठरवू नका, एवढेच माझे सांगणे आहे.

मार लागल्यावर घरच्या घरी पुढील गोष्टी पाहाव्यात. एकेक डोळा झाकून दृष्टी पूर्वीइतकी आहे का? बोटामागे दोन्ही डोळे वर, खाली, बाजूला सारखे फिरतात का? एकाचे दोन दिसतात का? गाल किंवा वरचा ओठ बधिर झाला आहे का? एक डोळा आत गेलेला किंवा बाहेर आलेला दिसतो का? यांपैकी काहीही आढळल्यास, किंवा मुलाला वर पाहताना उलटी येत असल्यास, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. खोबणीची हाडे नीट दिसावीत, असा सी. टी. स्कॅन त्यांना आवश्यक वाटल्यास तो टाळू नये.

एक प्रसंग मात्र तासांचाच असतो. डोळ्यामागे रक्त साचले, तर तीव्र वेदना होतात, डोळा बाहेर येऊन दगडासारखा कठीण होतो आणि दृष्टी झपाट्याने कमी होते. अशा वेळी डॉक्टर स्कॅनचीही वाट न पाहता डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याशी छेद देऊन दाब मोकळा करतात. दीड-दोन तासांहून अधिक विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

काय करू नये, तेही ध्यानी ठेवावे. डोळा दाबू वा चोळू नये. त्यात तूप, काजळ किंवा घरातील जुने थेंब घालू नयेत. नाक शिंकरू नये. मोडलेल्या फटीतून हवा खोबणीत शिरते. रुतलेली वस्तू ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न येईल अशी कागदी पेल्याची झाकणी लावून रुग्णालय गाठावे. मनाने ॲस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढतो. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने डॉक्टर सांगेपर्यंत खाऊपिऊही घालू नये.

खबरदारीही तितकीच हवी. इंग्लंडचा यष्टिरक्षक-फलंदाज क्रेग कीस्वेटर याच्या हेल्मेटच्या जाळीतून २०१४ मध्ये चेंडू आत शिरला. नाक आणि खोबणीचे हाड मोडले. २०१५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावे लागले. तेव्हा मुलांना हेल्मेट घेताना जाळीची फट जरूर तपासा.

व्यापारात झालेला तोटा पुढच्या हंगामात भरून निघतो. नजरेचा तोटा भरून निघेलच असे नाही. आमच्या नातवाला त्या सायंकाळी कोणी 'वर पाहा' एवढे म्हटले असते, तर! आपल्या घरी तसा प्रसंग आला, तर ते दोन शब्द आपण अवश्य म्हणावेत, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.