पायाखालचा समुद्र

वणी, राजुरा, कोरपना या भागातल्या आम्हा बायांना चुनखडीचा दगड काही नवा नाही. विहीर खोदताना तो निघतो आणि सिमेंट कारखान्याच्या ट्रकांतूनही तोच जातो. पण तो इथे आला कुठून?

आज आपण जिथे कापूस वेचतो, तिथे एके काळी समुद्र होता. पाण्यात विरघळलेला चुना बारीक गाळ होऊन तळाशी बसत गेला. थरावर थर चढले, भाराने दबले आणि त्यांचा खडक झाला. खाणीच्या कडेला बघा, वहीच्या पानांसारखे पातळ थर दिसतील. असे थर संथ पाण्यातच बसतात.

या दगडात शिंपले मात्र सापडत नाहीत. कारण तो ६० कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा शंख-शिंपल्यांचे जीव जन्मालाच आले नव्हते! आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चुनखडीपुढे तो कालचं पोर.

दगड ओळखायचा असेल तर त्याच्या भुकटीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले, की त्यात चुना आहे. लिंबू जे लगेच करतं, ते पावसाचं पाणी हळूहळू करतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते थोडं आंबट होतं, चुनखडी विरघळवतं, भेगा रुंद करतं. म्हणून आपलं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. तो थर म्हणजे त्या समुद्रातलाच चुना. त्याची भीती नको.

काळजी घ्यायची ती भेगांची. त्यांतून पाणी न गाळता झपाट्याने खाली जातं. त्यामुळे शोषखड्डा, उकिरडा आणि फवारणीचे रिकामे डबे विहिरीपासून लांबच ठेवायचे.

दुसरी गोष्ट फ्लोराइडची. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आढळलं आहे. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं दुखतात. पाणी उकळून ते जात नाही. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. तपासणी हाच उपाय.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण? गटाच्या पुढच्या बैठकीत विचारू. नावं नसतील तर आपली देऊ, आणि तपासणीचा निकाल ग्रामसभेत वाचायला लावू.