रक्तातली साखर – पण डायबेटिसची नव्हे!

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सोळाव्या मिनिटाला वडे तळायला घेणार, असंही बजावलं आहे. तेव्हा प्रस्तावना गाळते.

पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव वाचून मघाशी दोघातिघांनी मला आपापले शुगरचे आकडे सांगितले. ती साखर रक्तात विरघळलेली असते. मी आज बोलणार आहे ती साखर पेशींच्या अंगावर असते. आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या बाजूला साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात, फणसाच्या सालीवर काटे असतात ना, तशा. एक पेशी दुसरीला ओळखते ती बऱ्याचदा या साखळ्या चाचपून. मी रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझा रोजचा दिवस या काट्यांतच जातो.

तुमचा रक्तगट म्हणजे तरी काय? साखळीच्या टोकाला कुठली साखर आहे, एवढंच. आधी तिथे फ्युकोज नावाची एक साखर बसते. तिला धरून जी रचना होते तिला 'एच' म्हणतात. त्या 'एच'वर एक साखर चढली की 'ए' गट, दुसरी चढली की 'बी', दोन्ही प्रकार असले की 'एबी'. काहीच चढलं नाही तर नुसता 'एच' उरतो, तो 'ओ' गट. म्हणजे 'ओ'वाल्यांकडे काही नसतं हा समज चुकीचा आहे. त्यांच्याकडे फ्युकोज भरपूर असतं.

आता ज्यांच्याकडे हे फ्युकोजच बसत नाही त्यांचं काय? इथे आपल्या मुंबईचं नाव जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी मुंबईत सापडलेला हा विलक्षण रक्तगट १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये जाहीर केला. त्या लेखावर लंडनच्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावं आहेत. रक्तगट म्हणजे साखर, हे उलगडण्यात या दोघांचा मोठा वाटा. पुढे शहराचं नाव बदललं, पण रक्तगट 'बॉम्बे'च राहिला. त्याचं नाव कुणी बदलायला गेलेलं नाही, हे नशीब!

बॉम्बे गटाचा माणूस एरवी ठणठणीत असतो. पंचाईत होते ती रक्त चढवायची वेळ आल्यावर. नेहमीच्या तपासणीत 'ए' नाही, 'बी' नाही, म्हणून त्याच्या कार्डावर 'ओ' लिहिलं जातं. पण त्याच्या रक्तात 'एच'विरुद्धची प्रतिद्रव्यं असतात, त्यामुळे 'ओ' रक्त त्याला घातक ठरतं. क्रॉसमॅचमध्ये एकामागून एक बाटली जुळत नाही, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. भारतात असे लोक साधारण १०,०००त एक असावेत, युरोपात १० लाखांत एक.

आता जरा मागे जाऊ, अगदी जन्माच्याही आधी. मला स्वतःला सगळ्यात गोडी आहे ती या भागाची.

आईच्या पोटात बाळाचं रक्त एका जागी तयार होत नाही, ते बिऱ्हाडं बदलत राहतं. पहिलं बिऱ्हाड तिसऱ्या आठवड्यात, गर्भाला जोडलेल्या बलकाच्या पिशवीत. मग महिना भरतो न भरतो तोच बाळाच्या मुख्य रोहिणीच्या भिंतीतून खऱ्या मूळ पेशी बाहेर पडतात. तिथून त्या यकृतात जातात आणि पुढचे काही महिने रक्ताचा कारखाना यकृतात चालतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला हाडांच्या मगजात हातपाय पसरायला सुरुवात होते आणि सातव्या महिन्याच्या आसपास मगज मुख्य कारभार हाती घेतो. या सगळ्या काळात मूळ पेशी रक्तातून वाहत असतात, घर शोधत.

त्यांच्या अंगावरच्या साखळ्याही अजून कोवळ्या असतात. ए-बी गटाच्या खुणा पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून दिसतात, पण बाळाच्या तांबड्या पेशींवरच्या साखळ्या सरळसोट असतात, त्यांना फांद्या फुटलेल्या नसतात. जन्मानंतर सुमारे दीड वर्षात त्या मोठ्यांसारख्या फांद्यांच्या होतात. फांद्या कमी म्हणून टोकं कमी, आणि टोकं कमी म्हणून 'ए' किंवा 'बी'च्या खुणाही विरळ. आई 'ओ' आणि बाळ 'ए' असं कितीतरी घरांत असतं, तरी बाळाला सहसा थोड्याशा काविळीवर निभावतं. त्यामागचं एक कारण हे.

आता घर शोधण्याकडे वळते. मगजातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाचे हात असतात. वाहत जाणारी पेशी ते धरतात, तिला भिंतीवर घरंगळवत थांबवतात, मग ती आत शिरते. हे हात पकडतात कशाला? साखरेलाच. आणि त्या पकडीत पुन्हा आपलं फ्युकोज लागतं. जोडणारं एन्झाइम वेगळं, साखळीवरची जागा वेगळी, पण साखर तीच. १९९२मध्ये इस्रायलमध्ये दोन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यांना सारखा जंतुसंसर्ग व्हायचा, रक्तात पांढऱ्या पेशी उदंड, पण जखमेपाशी त्या पोहोचतच नव्हत्या. त्यांचा रक्तगट निघाला बॉम्बे! त्यांच्या पेशींमध्ये साखळ्या जिथे तयार होतात तिथवर फ्युकोज पोहोचतच नव्हतं, त्यामुळे दोन्ही कामं अडली.

मंडळी, हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? ल्युकेमियासारख्या आजारात दुसऱ्याच्या मूळ पेशी द्याव्या लागतात. मला नेहमी विचारतात, "ताई, रक्तगट जुळायला हवा ना?" नाही. तिथे जुळवावं लागतं ते एचएलए. ती साखर नव्हे, प्रथिनं आहेत, आणि ती आपल्या पूर्वजांबरोबर येतात. अमेरिकेच्या नोंदवहीवरच्या २०१४ सालच्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा आणि प्रत्यक्ष उपलब्ध दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के निघाली. दक्षिण आशियाई रुग्णाला ३३ टक्के. आपल्यापैकी कुणाच्या मुलाचा प्रश्न असेल, तर हा फरक फार मोठा आहे.

अशा वेळी नाळेतलं रक्त उपयोगी पडतं, कारण ते थोडं कमी जुळलं तरी चालतं. १९८८मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन एका मुलाला वाचवलं, ती याची पहिली वेळ. पण या रक्ताची एक खोड आहे. ते मगजात रुजायला वेळ लावतं आणि तेवढे दिवस रुग्ण उघडा पडतो, साधा जंतूही भारी पडू शकतो. एक तर नाळेत पेशी मोजक्याच असतात. दुसरं कारण ओक्लाहोमाच्या संशोधकांनी २००४मध्ये दाखवलं: यातल्या बऱ्याच मूळ पेशींवर फ्युकोज कमी असतं, त्यामुळे सिलेक्टिनची पकड बसत नाही. मग ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये डॉक्टरांनी देण्याआधी अर्धा तास त्या पेशींवर फ्युकोज चढवलं. २०१५च्या त्यांच्या अहवालात २२ रुग्णांमध्ये पांढऱ्या पेशी साधारण १७ दिवसांत वर आल्या, आधीच्या रुग्णांमध्ये २६ लागले होते. अभ्यास छोटा आहे, तुलना जुन्या रुग्णांशी आहे, हे विसरू नका. पण ते नऊ दिवस काढलेल्या घराला विचारा!

आज नाळेच्या रक्ताचा वापर पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, कारण आई-वडील किंवा भावंडाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही आता वापरता येतात. तरी सगळ्यांनाच तसा नातेवाईक दाता मिळतो असं नाही.

एक कडू गोष्ट सांगते. 'बाळाच्या भविष्याचा विमा' म्हणून नाळेचं रक्त पैसे भरून खासगी पेढीत ठेवायच्या जाहिराती तुम्ही इथेही पाहता आणि पुण्या-मुंबईतही. घरात आधीच एखाद्या मुलाला असा आजार असेल तर गोष्ट वेगळी. एरवी इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला सार्वजनिक पेढीला दान करावं असाच आहे. दानाला आईला एक पैसाही पडत नाही. मात्र ही सोय मोजक्याच इस्पितळांत आहे, तेव्हा सुनेला, लेकीला सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारायला सांगा. डोहाळजेवणात बाकी सगळं ठरतंच, त्यात हेही ठरू दे.

आजच्या तिकिटांचा निधी मुंबईतल्या एका रक्तपेढीला जाणार आहे. कार्डावर 'ओ' लिहिलेल्या रक्तदात्यांची 'एच'साठी तपासणी करून बॉम्बे गटाच्या दात्यांची यादी वाढवायची, हे ते काम. या तपासणीचा अर्क गोर्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांपासून निघतो. या बियांना फ्युकोज बरोबर कळतं!

बाहेर उजव्या हाताच्या टेबलावर दात्यांच्या नोंदणीचे फॉर्म आणि गालातून नमुना घ्यायच्या काड्या आहेत. वय १८ ते ४० हवं. वडे खाण्याआधी नमुना द्या, तोंड स्वच्छ असलेलं बरं. चाळिशी ओलांडलेल्यांनी आपल्या मुलांना हाताला धरून तिथे न्या, आणि शेजारची निधीची पेटीही बघा.