वावर आहे, पण वाट कुठाय?

आजचा विषय घरचाच आहे. मागच्या हंगामात मोठ्या बाबांचं सोयाबीन सोंगून वावरात पडलं होतं आणि थ्रेशर धुऱ्यापाशी अडकून उभं. शेजाऱ्यानं वाटेवर काट्या टाकल्या होत्या. वरून आभाळ भरून आलेलं. मोठे बाबा म्हणत, "आपल्या आजापासूनची वाट आहे, तो अडवतोच कसा?"

अमरावती-अकोल्यात अशी भांडणं गावोगाव आहेत. म्हणून नीट ऐका.

पहिली गोष्ट. चालू वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. अर्ज तहसीलदाराकडे. पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत! "पाहू, बसून मिटवू" म्हणता म्हणता मोठ्या बाबांचे 4 महिने गेले होते. बोलणी करा, पण तारीख लिहून ठेवा.

दुसरी. वाटच नाही, तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. इथे तहसीलदार धुऱ्यावरून वाट देऊ शकतो. तुमची गरज किती, शेजाऱ्याचं नुकसान किती, दोन्ही पाहून. निकाल पटला नाही, तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

तिसरी, वहिवाटीचा हक्क. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 सांगतो: 20 वर्षं उघडपणे, शांततेत, खंड न पडता आणि हक्कानं वापरलेली वाट. हा 20 वर्षांचा हिशोब इंग्लंडच्या 1832 च्या कायद्यातही आहे. मेख 'हक्कानं' या शब्दात आहे. "भाऊ, जाऊ का तुझ्या वावरातून?" असं दरवर्षी विचारून गेलात, तर ती परवानगी झाली, हक्क नाही. आणि जमीन तुमची होत नाही बरं. फक्त जाण्या-येण्याचा हक्क मिळतो.

आमचं काय झालं? अर्ज मुदतीत गेला, तहसीलदारांनी जागेवर येऊन पाहणी केली, पंचनामा झाला, वाट मोकळी झाली. सोयाबीन मात्र तोवर अर्धं काळं पडलं होतं. शेजाऱ्याशी बोलणं आजही बंद आहे.

म्हणून सांगतो, भांडण नसतानाच वाटेचे फोटो काढा, गावनकाशात पांदण आहे का पाहा. शेजारी राजी असेल तर नोंदणीकृत करार करून घ्या. शब्द माणसासोबत जातो, कागद मागे राहतो.

भेटू पुढच्या भागात. हा भाग तुमच्या मोठ्या बाबांनाही ऐकवा!