खडूच्या टेकड्या आणि आपला माळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“विलायतेला जाऊन आलात, तर तिथले चार शब्द सांगा,” असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला म्हणून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा धरू नका. लंडनचा राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा तुम्ही सर्वांनी चित्रांत पाहिलेलाच आहे. मी सांगणार आहे ते तिथल्या एका उघड्याबोडक्या टेकडीविषयी आणि एका बंद पडलेल्या दगडखाणीविषयी. आपल्या मंडळाच्या येत्या पावसाळ्यातल्या कार्यक्रमाशी त्याचा संबंध आहे, तो शेवटी सांगते.

माझे धाकटे दीर लंडनच्या उत्तरेस ल्यूटन गावी नोकरीनिमित्त असतात. २०२४ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो. एका रविवारी जाऊबाईंनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली आणि आम्ही जवळच्या डन्स्टेबलच्या टेकड्यांवर गेलो. उंची फार नाही, २४३ मीटर. वर मोठे झाड म्हणून नाही. नुसते गवत आणि वारा. पण पायवाटेवर जिथे गवत झिजले होते, तिथे जमीन पांढरीशुभ्र दिसत होती. ती सारी टेकडी खडूची आहे!

आपल्या शाळेत फळ्यावर लिहायचा खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो. हा खडू वेगळा, मूळचा. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी त्या भागावर समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळी वनस्पती वाढे. तिच्या अंगावर चुन्याच्या बारीक चकत्या असत. ती मेली की चकत्या तळाशी बसत. बोटाच्या पेराएवढा थर साचायला हजारभर वर्षे लागत, असे कोट्यवधी वर्षे चालले आणि त्याचा दगड झाला. तो काळ संपता संपता, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांच्या सुमारास, आपल्याकडे लाव्ह्याचे थर पसरत होते. त्यातून आपला काळा पाषाण झाला. तिकडे पांढरा दगड शांतपणे साचला, इकडे काळा दगड उकळत आला!

जवळच व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयाच्या डोंगरउतारावर एक भला मोठा पांढरा सिंह आहे. तो रंगवलेला नाही. १९३३ साली तेवढ्या जागेचे गवत काढून खालचा खडू उघडा केला, झाला सिंह! लांबी १४७ मीटर. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून तो झाकून ठेवला होता.

आता खाणीचे सांगते. शेजारी टॉटर्नहो नावाचे खेडे आहे. तिथला खडू जरा घट्ट. खाणीतून काढताना तो मऊ असतो, त्यामुळे कोरीव कामाला सोपा. विंडसरच्या किल्ल्याला आणि वेस्टमिन्स्टरच्या मंदिराला हा दगड वापरला आहे. आता ती खाण बंद आहे. आपल्याकडे अशा जागेला लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिथे काय नेऊन टाकतात तेही! तिथे मात्र ती खाण निसर्गासाठी राखून ठेवली आहे. आत पायवाटा आहेत, बसायला जागा आहे. उघड्या पडलेल्या खडूवर पिवळ्या फुलांची एक बुटकी वनस्पती येते. नखाएवढ्या एका निळ्या फुलपाखराची अळी तिच्या फुलांवरच जगते. दाट गवतात ती वनस्पती टिकत नाही; तिला अशीच खरवडलेली जागा लागते.

मला सर्वांत नवल वाटले ते टेकडीवरच्या गवताचे. खडूवर माती जेमतेम वितभर, पाणी झिरपून जाते, कस नाही. म्हणून कोणतेच एक गवत माजत नाही आणि सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते. चांगल्या जागी एका चौरस मीटरात चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मोजल्या आहेत. चौरस मीटर म्हणजे आपण रांगोळीपुरते सारवतो तेवढे अंगण! मी खाली बसून पाहिले. ओव्याच्या जातीच्या वासाची रानटी थाईम, जांभळी गोंड्यासारखी फुले, पिवळ्या शेंगवर्गी वेली, आणि त्यांवर फिकट निळी फुलपाखरे.

मैत्रिणींनो, हे सारे आपोआप राहत नाही. तिथे मेंढ्या चारतात म्हणून गवत आखूड राहते. मेंढ्या नेल्या की काटेरी झुडपे येतात आणि फुले मरतात. म्हणून हिवाळ्यात स्वयंसेवक, त्यांत आपल्या वयाच्या बायकाही असतात, कोयते-करवती घेऊन झुडपे तोडतात.

एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात मोठे निळे फुलपाखरू म्हणून एक जात होती. त्याची अळी आधी थाईमच्या फुलांवर वाढते. मग एका जातीच्या लाल मुंग्या तिला आपलेच पोर समजून वारुळात नेतात आणि ती आत बसून मुंग्यांची पिल्ले खाते! लोकांनी फुलपाखरे पकडू नयेत म्हणून काही जागांना कुंपणे घातली. पण कुंपणाने गुरेही अडली. त्यातच १९५३ साली सशांची साथ आली आणि गवत कुरतडणारे ससे मेले. गवत उंच झाले, जमीन थंड झाली, त्या मुंग्या गेल्या आणि १९७९ मध्ये ते फुलपाखरू इंग्लंडातून नाहीसे झाले. शास्त्रज्ञांनी मुंगीचे हे गुपित उलगडले. मग चराई पुन्हा सुरू केली आणि १९८३ पासून स्वीडनहून फुलपाखरे आणून सोडली. आज ती पुन्हा उडतात. निगा म्हणजे नुसते कुलूप लावणे नव्हे, हे यावरून दिसते.

आणि ही निगा आता उरल्यासुरल्याचीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नांगर आणि रासायनिक खते आली, आणि खडूवरचे असे गवत सुमारे ८० टक्के गेले.

आता आपल्याकडे येते. येत्या पावसाळ्यात टेकडीमागच्या माळावर आणि जुन्या खाणीच्या काठाने पाचशे झाडे लावायची, असे आपल्या मंडळाचे घाटते आहे. हेतू उत्तमच आहे. पण माझी एक विनंती आहे. माळ म्हणजे झाडे लावायची राहून गेलेली जागा नव्हे. कागदोपत्री त्याला पडीक म्हणतात, पण श्रावण-भाद्रपदात तिथे तेरडा, सोनकी, कवळा फुलतो. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तिला सावली नको, चौफेर नजर हवी. चंडोलाचेही तसेच. आपल्या सोलापूरकडचा माळढोक पक्षी अशाच गवतावर जगणारा. त्याच्यासाठी नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले, तरी आता तो तिथे दिसणे दुर्मीळ झाले आहे. शिवाय दिवाळीनंतर धनगरांच्या मेंढ्या याच माळावर येतात. तिथे तारेचे कुंपण घातले, तर त्यांनी जावे कुठे?

तेव्हा झाडे जरूर लावू. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, नळाच्या टाकीपाशी. तिथे सावलीची खरी गरज आहे. माळ तेवढा माळ म्हणून राहू द्या. खाणीतला कचरा मात्र पावसाआधी उपसू या. पाचशे खड्डे खणण्यापेक्षा ते काम कष्टाचे आहे आणि त्यात फोटो चांगला येत नाही, हे मला कबूल आहे! श्रावणात एका मंगळवारी, मंगळागौरीला पत्री गोळा करायला जातो तशा, सगळ्याजणी वहीपेन्सिल घेऊन माळावर जाऊ आणि अंगणाएवढ्या जागेत किती जातींची फुले आहेत ती मोजू. शाळेतल्या बाई आणि वाड्यावरचे म्हातारे धनगरबाबा यांना नावे विचारू. मग ठरवू, तो माळ रिकामा आहे की भरलेला.