यमक कानाने शोधा



इंग्रजी शब्दांची यमके शोधताना आपण स्पेलिंग पाहतो आणि तिथेच फसतो. ‘टफ’, ‘कॉफ’, ‘दो’ आणि ‘थ्रू’ या चारही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच अक्षरे आहेत. पण एकाचेही दुसऱ्याशी यमक जुळत नाही. उलट ‘ब्लू’, ‘शू’, ‘टू’ आणि ‘थ्रू’ यांचे स्पेलिंग निरनिराळे, तरी यमक पक्के! विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले. उच्चार मात्र बदलत राहिले.

नियम सोपा आहे. ज्या स्वरावर जोर पडतो, तिथपासून शेवटपर्यंतचा आवाज सारखा हवा. ‘स्टेशन’ आणि ‘नेशन’ म्हणून जुळतात. गझलेचा काफियाही कानच ओळखतो ना?

तेव्हा मुलांनो, डिक्शनरीत उच्चार पाहून रोज पाच जोड्या वहीत लिहा आणि घरी मोठ्याने म्हणा. पालकहो, इंग्रजी वाचता येत नाही म्हणून दूर बसू नका. यमक जुळले की नाही, हे तुमचा कान सांगेल. मुलाच्या अभ्यासात तुमचाही वाटा आहे.