नाव ओळखीचे, माणूस अनोळखी

चवथीला डिचोलीच्या बाजारात माटोळीचे सामान आपण पारखून घेतो. फोनवरचा आवाजही तसाच पारखायला हवा. २०२२ मध्ये देशभर संदेश फिरले: बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडू, या अधिकाऱ्याला फोन करा. फोन केला की ॲप घ्यायला लावत आणि बँकखाते रिकामे करत. नाव वीज खात्याचे, माणूस चोर! घाई करणाऱ्याचा फोन ठेवून द्या. बिलावरच्या क्रमांकावर स्वतः विचारा, नाहीतर सरळ कार्यालय गाठा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तरीही फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० लावा. पैसा पुढे सरकण्याआधी कळवले, तर तो अडवण्याची आशा असते.