नकाशावर घेतलेले घर



घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. शहरवासीयांच्या वाट्याला आता ते बांधणेही येत नाही. ते काम दुसरा करतो आणि आपण नकाशा पाहून पैसे भरतो. या व्यवहाराचे लाभ उघड आहेत. तयार सदनिकेपेक्षा किंमत बहुधा कमी पडते, मजला व दिशा निवडता येते आणि रक्कम हप्त्याहप्त्याने द्यावी लागते. मात्र बांधकाम चालू असताना घेतलेल्या सदनिकेवर १ एप्रिल २०१९ पासून सर्वसाधारणपणे पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरांवर एक टक्का वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या सदनिकेच्या विक्रीवर तो नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत घरभाडे आणि कर्जाचे व्याज असा दुहेरी भार सोसावा लागतो. किमतीतील बचतीतून हे सर्व वजा करूनच हिशेब मांडावयास हवा.

१९६३ च्या सदनिका मालकी अधिनियमाने लेखी व नोंदणीकृत करारनाम्याशिवाय वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली होती. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे रेराने, ही मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. आपल्या राज्यातील नमुना करारनाम्यानुसार करारानंतर तीस, जोते पूर्ण झाल्यावर पंचेचाळीस आणि सर्व स्लॅब टाकून झाल्यावर सत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. इमारतीचा सांगाडा उभा राहतो तेव्हा ग्राहकाचे सत्तर टक्के पैसे गेलेले असतात. भिंती, गिलावा, फरशी, उद्वाहन, सांडपाण्याची व्यवस्था आणि भोगवटा प्रमाणपत्र मात्र व्हावयाचेच असते. खरी कसोटी येथून पुढे आहे, असे माझे मत आहे.

ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर, झालेल्या कामाच्या प्रमाणातच तो काढता येतो. ताबा लांबल्यास ग्राहकाला व्याजासह परतावा मागता येतो किंवा थांबून दरमहा व्याज घेता येते. परंतु आदेश मिळणे आणि रक्कम हाती पडणे यांत अंतर असते. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करावयाची असल्याने ते अंतर किती, हे येथे बसलेल्या महसूल अधिकाऱ्यांना मी सांगावयास नको.

नोंदणी क्रमांक पाहून निर्धास्त होणेही योग्य नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळविल्याचे उघडकीस आले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथील रहिवाशांनीही कागदपत्रे पाहूनच पैसे भरले होते. म्हणून परवानगीची प्रत ज्या कार्यालयाने ती दिली तेथेच जाऊन पडताळून घ्यावी. एका फेरीचे हे काम आहे.

पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठाहून अधिक नसतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. शहरालगतच्या गावांत अशा लहान इमारती झपाट्याने उभ्या राहत आहेत. घरपट्टीची पावती किंवा नमुना आठचा उतारा म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे आणि मालकीचा पुरावाही नव्हे. हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावे व कार्यालयाच्या फलकावर लावावे.

शिक्षक बंधूंनी निवृत्तीच्या वेळी मिळणारे उपदान अशा घरात गुंतवू नये, असे मला वाटते. त्यांनी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली सदनिकाच पाहावी, मग ती दोन खोल्यांऐवजी एका खोलीची असली तरी चालेल. ज्याची नोकरी पुष्कळ उरली आहे आणि सांगितलेल्या मुदतीनंतर आणखी दोन वर्षे भाडे व व्याज दोन्ही भरण्याची ज्याची ऐपत आहे, त्याने जोते पूर्ण झाल्यावर या व्यवहाराचा विचार करण्यास हरकत नाही.